पाणी कव्हरांत होतं : अकरा जुन्या लेन्सच्या नोंदी

२ जून

बाबांच्या कपाटातलं लेन्सचं खोकं आज खाली काढलं. एकूण अकरा लेन्स. आठ कातडी कव्हरांत, तीन नुसत्या पुढे-मागे टोप्या लावून. खोकं पुठ्ठ्याचं, तळाला स्पंज, चार कोपऱ्यांत चार डांबरगोळ्या.

"किती व्यवस्थित ठेवल्यात बघ," बाबा म्हणाले. व्यवस्थित होत्याच. प्रत्येक कव्हरावर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. पण पहिल्याच कव्हराचं बटण उघडलं आणि भिजून वाळलेल्या पुस्तकाचा वास आला. स्पंजला बोट लावलं तर तो चिकट भुगा होऊन बोटालाच लागला.

डांबरगोळ्या तेवढ्या लगेच काढून टाकल्या. नॅप्थलीनची घनातून थेट वाफ होते आणि ती वाफ जिथे जागा मिळेल तिथे परत बसते. कपड्यांवर बसली तर कपडे धुता येतात. लेन्सच्या आत बसली तर लेन्स उघडावी लागते.

३ जून

रात्री तपासणी. खोलीतला दिवा बंद, अपर्चर (लेन्समधलं पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडं, मागच्या बाजूने एलईडी टॉर्च तिरका धरून पुढून बघायचं. दिवसा खिडकीकडे धरून बघितलं तर यातलं निम्मंही दिसत नाही. लेन्स विकणारे नेमकं तसंच दाखवतात, तो भाग वेगळा.

बाबा सगळ्याला मिळून "फॉग आला" म्हणतात. टॉर्चखाली मात्र त्या एका शब्दात सहा वेगळी दुखणी निघाली. वहीत असं लिहिलं:

क्र. १, ५० मिमी, एफ/१.४. काच स्वच्छ, पण पांढऱ्या कागदावर धरली की चहाच्या रंगाची. थोरियम या किरणोत्सारी धातूची काच असणार.

क्र. २, ५८ मिमी. काच ठीक. अपर्चरच्या पात्यांवर तेल.

क्र. ३, ५० मिमी, १९५० च्या दशकातली, रेंजफाइंडर प्रकारच्या कॅमेऱ्याची. अपर्चरच्या मागच्या काचेवर सलग दुधी थर. काचेवर उच्छ्वास सोडावा तसा, फक्त हा उडून जात नाही.

क्र. ४, १३५ मिमी. पुढच्या गटाच्या (एकत्र बसवलेल्या काचांच्या) आत कडेपासून आत सरकणारे तंतू. बुरशी.

क्र. ५, ३५ मिमी. मागच्या काचेवर बुरशी, मधोमध, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली. हिची अवस्था सगळ्यात वाईट.

क्र. ६, दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, कोटिंग (काचेवरून प्रकाश परत फेकला जाऊ नये म्हणून चढवलेला पातळ थर) नसलेली, चार काचांची. पुढच्या काचेवर निळसर जांभळी झाक.

क्र. ७, १०५ मिमी. कडेला सोनेरी चंद्रकोर, तिच्या आत इंद्रधनुषी रेघा. जोडलेल्या दोन काचांमधला चिकटा सुटतोय.

क्र. ८, २८ मिमी. क्र. ३ सारखाच दुधी थर, पण खूप पातळ.

क्र. ९, १० आणि ११. स्वच्छ. का, ते कळलं नाही.

५ जून

डब्यात ठेवायला तीन छोटे डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रं) घेतले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एक ७१ सांगतो, एक ७७, एक ८२. त्यांच्यावर विसंबण्याआधी मीठ-चाचणी.

बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात ओल्या वाळूइतपत होईल एवढंच पाणी. मीठ विरघळून जाता कामा नये, न विरघळलेले खडे दिसत राहिले पाहिजेत. ते झाकण आणि तिन्ही यंत्रं एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर स्थिरावते. हवामान काहीही असो, पिशवीत ७५ च.

सकाळी: अ ६९, आ ७५, इ ८०. म्हणजे आ खरा. अ मध्ये ६ मिळवायचे, इ मधून ५ वजा करायचे. मग मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण करून खालची बाजूही तपासली. त्यावर ३३ टक्के यायला हवेत. आ ने ३४ दाखवले, अ ने २८, इ ने ४४. इ ची चूक वर ५ आणि खाली ११, म्हणजे एक आकडा वजा करून तो सुधारणारा नाही. तो खोलीची हवा बघायला भिंतीवर. डब्यांसाठी अ आणि आ.

७ जून

२२ लिटरचा हवाबंद प्लास्टिकचा डबा. अकराही लेन्स आत, आठ त्यांच्या कव्हरांसकट, कारण बाबांची तशी इच्छा. स्पंज आणि पुठ्ठा बाद. ओल शोषणारं सिलिका जेल २०० ग्रॅम, भगव्या रंगाचं. निळं जेल टाळलं; त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी. भगवं भिजलं की हिरवट होतं, तेवढी खूण पुरे.

आधी कागदावर हिशेब. खोलीत आज २८ अंश, ८२ टक्के. या तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम पाण्याची वाफ धरते. ८२ टक्क्यांना २२ ग्रॅम. डबा २२ लिटरचा, म्हणजे आतल्या हवेत पाणी अर्धा ग्रॅम. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी सहज घेतं, २०० ग्रॅम जेल म्हणजे ४० ग्रॅम पाणी. ऐंशीपट ताकद. तासाभरात आकडा ४० च्या खाली यायला हवा.

८ जून

६६ टक्के.

१० जून

५८. जेलचे वरचे दाणे हिरवे पडले. झाकणाच्या रबरावर कागदाची पट्टी ठेवून, झाकण लावून ओढून बघितली. चारही बाजूंनी घट्ट. डबा गळत नाही.

जेल काढून वजन केलं: २३८ ग्रॅम. अर्धा ग्रॅम पाण्याच्या डब्यातून त्याने ३८ ग्रॅम पाणी प्यायलंय.

१४ जून

चार दिवस उगाच झाकणावर संशय घेण्यात गेले. आज कातडी कव्हरं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आठ कव्हरं मिळून ९४६ ग्रॅम. ती वेगळ्या डब्यात, ताज्या जेलसोबत ठेवली. लेन्स पहिल्या डब्यात, कव्हरांविना, १०० ग्रॅम जेल.

संध्याकाळी लेन्सच्या डब्यात ४३.

झाडांच्या सालीत कमावलेलं कातडं स्पंजासारखं पाणी धरतं, फक्त ते हाताला ओलं लागत नाही. आत मखमल, मखमलीखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिकटवायला खळ. बुरशीला राहायला घर, प्यायला पाणी आणि खायला अन्न, तिन्ही एकाच ठिकाणी, अंधारात, वर बटण लावून. क्र. ९, १० आणि ११ स्वच्छ का राहिल्या तेही आज कळलं. त्या बाबांनी शेवटी घेतल्या, तेव्हा कव्हरं मिळाली नव्हती. ज्यांची काळजी घ्यायची राहून गेली त्याच वाचल्या.

बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. प्रत्येक लेन्समध्ये असतात, नव्याकोऱ्या लेन्समध्येही. त्यांना घरात येऊ न देणं हा मार्गच नाही. बहुतेक जातींना वाढायला ७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता लागते, काही चिवट जाती ६५ च्या आसपासही तग धरतात. म्हणून बुरशी लागलेली लेन्स "वाळीत" टाकण्यावर माझा फारसा विश्वास नाही. तरी क्र. ४ आणि ५ वेगळ्या पिशवीत ठेवल्या. विश्वास नसला तरी हात तसं करतात.

१५ जून

बाबांना आकडे दाखवले.

"अगं, कातडं श्वास घेतं, म्हणून तर चांगलं."

"घेतं ना बाबा. आत घेतं ते बाहेर सोडतं, आणि सोडतं ते लेन्सवर."

"मग टाकून देणार?"

टाकणार नाही. लेन्स वेगळी, कव्हर वेगळं, एवढंच. चिठ्ठ्या काढून लेन्सच्या नव्या पिशव्यांवर लावल्या. अक्षर त्यांचंच राहिलं, त्यामुळे तह झाला.

२१ जून

क्र. ४ उघडली. १३५ मिमी लेन्सचा पुढचा गट सहसा एकसंध स्क्रू होऊन निघतो, शिकायला हीच बरी. नाव कोरलेली रिंग रबरी बुचाने दाबून फिरवली, आतली रिंग दोन टोकांच्या स्पॅनरने. काच उचलण्याआधी कडेला पेन्सिलची खूण आणि प्रत्येक पायरीला फोनवर फोटो. काच कुठल्या बाजूने पालथी होती हे "लक्षात राहील" असं वाटतं. राहत नाही.

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सम प्रमाणात, वापरायच्या क्षणी मिसळून, खिडकी उघडी ठेवून. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, आत वायू साठतो. कापसाच्या काडीने लावलं, तीन मिनिटं थांबले, मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग मधून कडेकडे एकदाच पुसणं.

तंतू गेले. टॉर्चखाली एकही नाही. पंचेचाळीस मिनिटांत झालं आणि मला उगाचच मोठी कारागीर झाल्यासारखं वाटलं.

२४ जून

कव्हरांचा डबा: ९४६ वरून ९१४ ग्रॅम, आत आर्द्रता ४१ टक्के. आणखी ३२ ग्रॅम. पहिल्या जेलने प्यायलेले ३८ धरले तर साधारण ७० ग्रॅम पाणी, आणि त्यातलं बहुतेक या आठ कव्हरांचं. पाव पेला भरेल एवढं.

२८ जून

क्र. ५. तेच मिश्रण, तीच काडी. बुरशी निघाली आणि तिच्या जागी तिचंच चित्र राहिलं. बुरशी काचेवर नुसती बसत नाही, वाढताना आम्लं सोडते, आणि ती आधी कोटिंग आणि मग काच खातात. तंतू पुसला तरी त्याची नक्षी काचेत कोरलेली राहते. घासून जाणार नाही. जायची तर काच नव्याने घासून, पॉलिश करून पुन्हा कोटिंग करावं लागेल, ते माझ्या टेबलावरचं काम नव्हे.

एक फोटो दिवा पाठीशी ठेवून काढला, एक दिव्याकडे तोंड करून. पाठीशी दिवा असलेला फोटो निर्दोष. दिव्याकडे बघणाऱ्या फोटोत सगळीकडे राखेचा पडदा. मागची काच होती म्हणून एवढा परिणाम. पुढच्या काचेवरचा तेवढाच डाग कदाचित कळलाही नसता.

मोठ्या कारागिरीची भावना उतरली.

३० जून

आता दुधी थर, क्र. ३ आणि ८. हा दमटपणामुळे येतो असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणत होते. पण तंतू नाहीत, ठिपके नाहीत, थर अगदी सारखा, आणि तोही अपर्चरला लागून, म्हणजे ग्रीस आणि तेलाच्या शेजारी. फोकस रिंगच्या आतल्या हेलिकॉइडमधलं (लेन्स पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांमधलं) ग्रीस जुनं झालं की त्यातला हलका अंश सुटतो. काही पात्यांवर ओघळतो, काही वाफेच्या रूपाने जाऊन काचेवर बसतो.

तपासून बघायला सोपं आहे. क्र. २ मधून खरवडलेलं जुनं ग्रीस, वाटाण्याएवढं, बाटलीच्या झाकणात. वर एक सेंटिमीटरवर स्वच्छ काचपट्टी. असे दोन संच: एक कपाटाच्या माथ्यावर छताजवळ, जिथे दुपारी ३८ अंश होतात, दुसरा खालच्या खणात, २७ ते २८. तिसरी काचपट्टी ग्रीसशिवाय, माथ्यावरच. तीन आठवडे.

६ जुलै

कव्हरं काढल्यावर लेन्सचा डबा शहाण्यासारखा वागेल असं वाटलं होतं. परवा त्यातलं जेल वाळवायला काढलं आणि परत ठेवायला विसरले. डबा बाहेरच्या भिंतीला टेकून होता. संध्याकाळी आत २९ अंश, ५५ टक्के. रात्री जोराचा पाऊस, सकाळी आत २३ अंश, ७७ टक्के. झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

पाणी वाढलं नाही, हवा गार झाली. गार हवा कमी वाफ धरते, म्हणून तेवढ्याच वाफेचं प्रमाण चढतं. गणिताने ७८ येतात, यंत्राने ७७ दाखवले. म्हणजे रिकामा हवाबंद डबा काही राखत नाही, तो फक्त कोंडून ठेवतो. आज जेल परत ठेवलं आणि डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

७ जुलै

रात्री ४४, सकाळी ४६. तापमान पाच अंशांनी उतरूनही. जेल नुसतं शोषत नाही, गरम झालं की थोडं सोडतं आणि गार झालं की परत घेतं.

कातडंही तेच करत होतं, हे मान्य केलं पाहिजे. फक्त ते आपलं संतुलन ७५ वर साधत होतं.

१३ जुलै

क्र. ३ चा मागचा गट काढला. अपर्चरच्या मागच्या काचेवरचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलला नाही, लायटरच्या पेट्रोलने सुटला. तेलकट होता याची ही पहिली साक्ष. पण थर गेल्यावर काचेचं जांभळं प्रतिबिंब काही ठिकाणी फिकं. तेल वर्षानुवर्षं बसून राहिल्याने कोटिंगही सोबत गेलं, की मी जास्त दाबलं? त्या काळातली आतल्या काचांवरची कोटिंग मऊ असत, नुसत्या कापसानेही ओरखडायची. मी दाबलं नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

क्र. ८ चा पातळ थर आत्ताच काढायचा ठरवला, कोटिंगला चावायच्या आत. दहा मिनिटांचं काम, कोटिंग शाबूत. म्हणजे तेलाच्या बाबतीत "चालतंय तोवर चालू दे" हे धोरण चुकीचं.

१४ जुलै

क्र. २ च्या पात्यांवर पेट्रोलचे दोन थेंब टाकून अपर्चर उघडझाप केलं, टिश्यूने टिपलं. दुपारी तेल परत आलं. पुन्हा. परत आलं. चार फेऱ्या. या लेन्सचं अपर्चर हाताने बंद करायचं असल्याने तेलाने तिचं काम अडत नव्हतं. स्प्रिंगने मिटणारी पाती असती तर ती चिकटून एक्स्पोजर चुकलं असतं. तरी काढलं. पात्यांवरचं तेल उद्याचा काचेवरचा थर आहे.

पाती सुटी करायचा मोह झाला होता. मोजली तर आठ. मोह आवरला.

२१ जुलै

काचपट्ट्या. तिन्ही टॉर्चखाली.

माथ्यावरची, ग्रीससह: मधोमध फिकट गोल थर, बोट फिरवलं की रेघ उमटते. खालच्या खणातली, ग्रीससह: जवळजवळ स्वच्छ, अगदी तिरक्या उजेडात कशीबशी झाक. माथ्यावरची, ग्रीसशिवाय: थोडी धूळ.

एका घरातला तीन आठवड्यांचा प्रयोग, एकच ग्रीस. यावरून नियम मांडत नाही. पण बाबांचं खोकं बरोबर त्याच माथ्यावर होतं, आणि तिथे सिलिका जेल भरून ठेवलं असतं तरी क्र. ३ वाचली नसती. बुरशीचा शत्रू कोरडेपणा, तेलाच्या थराचा शत्रू गारवा. डबा आता सगळ्यात खालच्या खणात. क्र. ७ लाही तिथेच बरं. जुन्या लेन्समधल्या काचा कॅनडा बाल्समने, म्हणजे बाल्सम फर झाडाच्या राळेने, जोडलेल्या असत; राळ उष्णतेने मऊ होते. तिच्या चंद्रकोरीचा फोटो काढून रुंदी लिहून ठेवली: २ मिमी. बाकी काही करायचं नाही. सुटलेला चिकटा पुन्हा बसवायचा तर काचा वेगळ्या करून अचूक केंद्रावर जुळवाव्या लागतात.

२७ जुलै

क्र. १, पिवळी. ही माझी आवडती, कारण हिच्या बाबतीत सगळे नियम उलटे.

अपवर्तनांक, म्हणजे काचेची प्रकाश वाकवण्याची ताकद, वाढवायला काही काचांत थोरियम ऑक्साइड घालत. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत ते होतं, कोडॅकच्या एरो-एक्टारमध्येही होतं. थोरियमच्या किरणोत्साराने काचेच्या रचनेत दोष तयार होतात, ते निळा प्रकाश शोषतात, म्हणून काच पिवळी पडते. अतिनील प्रकाश ते दोष मिटवतो. म्हणजे जी लेन्स उजेडात पडून असते ती ठीक राहते आणि जी जपून काळोखात ठेवतो ती रंगते.

उन्हात खिडकीत ठेवतात लोक. मी नाही ठेवली. एफ/१.४ ची, म्हणजे एवढ्या मोठ्या तोंडाची, लेन्स उत्तम भिंग आहे, उन्हाचा एक कोन जुळला की पडद्याला आग. त्याऐवजी ३९५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा, तळाला ॲल्युमिनियम फॉइल, वरून पुठ्ठ्याची पेटी, म्हणजे डोळ्यांवर काही येणार नाही. दिवा तापतो, म्हणून लेन्सपासून चार बोटं दूर.

३० जुलै

निम्मा रंग उतरला.

२ ऑगस्ट

क्र. १: सहा दिवस झाले. पांढऱ्या कागदावर हलकी मोतिया झाक, बस. कॅमेऱ्याचा मीटर आधीपेक्षा जवळजवळ दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश सांगतो. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य १४ अब्ज वर्षं. रंग परत येणारच. पिशवीवर तारीख लिहिली. ही लेन्स डब्यात राहणार नाही, कॅमेऱ्यावर राहील.

बाबा तिकडे क्र. ६ ची पुढची काच घासायला निघाले होते, "निळं पडलंय, पॉलिश करू" म्हणत. हातातून काढून घेतली. कोटिंग नसलेल्या जुन्या काचेच्या पृष्ठभागातले काही घटक हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं झिरपून जातात आणि वर कमी अपवर्तनांकाचा अतिशय पातळ थर उरतो. निळी झाक त्याची. १८९० च्या दशकात हॅरोल्ड डेनिस टेलर या इंग्लिश लेन्सकाराच्या लक्षात आलं की अशी काळवंडलेली भिंगं नव्यापेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. पुढे त्याने काच मुद्दाम रसायनाने तशी करण्याचं पेटंटही घेतलं. कार्ल झाइस या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने निर्वात कोटिंग (हवा काढून घेतलेल्या जागेत काचेवर चढवलेला थर) आणलं ते १९३५ मध्ये. कोटिंग नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग ४ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतो. काचांच्या तीन गटांच्या लेन्सला हवेला लागणारे असे सहा, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त प्रकाश वाया. ती निळी झाक म्हणजे काळाने फुकट केलेलं कोटिंग, आणि आपण ते पॉलिशने उतरवायला निघालो होतो.

बाबा म्हणाले, "मग आधी सांगायचं ना. मी चाळीस वर्षं तिची लाज वाटून फोटो काढले नाहीत."

११ ऑगस्ट

क्र. ४ घेऊन फोटो काढायला गेले. रात्रभर एसीच्या खोलीत, २३ अंश. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि पुढची काच पांढरी. बाहेर ३० अंश, ८० टक्के. या हवेचा दवबिंदू २६ अंश. २६ पेक्षा गार असलेली कोणतीही गोष्ट तिथे घाम धरणार.

पुसायचा मोह होतो, पुसू नये. पाण्यासोबत धूळ काचेवर घासली जाते. निघण्याआधी आतच झिप पिशवीत घालून पिशवीतली हवा दाबून काढायची, आणि बाहेर गेल्यावर अर्धा तास पिशवी उघडायची नाही. दव मग पिशवीवर पडतं. हे मला माहीत होतं. घाई होती.

घरी आल्यावर ती तशीच बंद डब्यात गेली नाही, हे मात्र पाळलं. पंख्याखाली दोन तास, मग डबा.

२४ ऑगस्ट

२०० ग्रॅम जेल ओव्हनमध्ये वाळवायला ठेवून फोनवर बोलत बसले. १२० अंशांवर दोन-अडीच तास हवेत, मी १८० वर ठेवलं होतं. भगवे दाणे तपकिरी झाले, खुणेचा रंग जळाला. जेल अजून पाणी शोषतं, पण भिजलं की नाही ते सांगत नाही. फेकलं नाही, काट्यावर वजन करून कळेल. कोरडं वजन पिशवीवर लिहिलं: १९६ ग्रॅम. २२५ च्या वर गेलं की वाळवायचं. रंगापेक्षा हेच जास्त खरं वाटायला लागलंय.

३० ऑगस्ट

छोट्या डब्यात, जिथे क्र. ७ एकटी, जेल जास्त झालं: २० टक्के. निम्मं काढलं. इतका कोरडेपणा राळेला आणि ग्रीसला बरा नाही. माझा पट्टा ४० ते ५०. ५५ ला घाबरत नाही, ६० ला उठून जेल बदलते.

१४ सप्टेंबर

पुन्हा टॉर्च, सगळ्या अकरा.

क्र. ४ स्वच्छ. क्र. ५ ची कोरलेली नक्षी तशीच, नवा तंतू नाही; सावलीतल्या फोटोंसाठी ठेवली. क्र. ३ फिकी, पण आरपार. क्र. ७ ची चंद्रकोर २ मिमीच. क्र. ८ निर्मळ. क्र. २ च्या पात्यांवर कडेला पुन्हा तेलाची बारीक रेघ. ती चालूच राहणार, जोवर हेलिकॉइडमधलं ग्रीस बदलत नाही तोवर. ते उघडताना आट्या कुठून सुटल्या याची खूण चुकली की अनंतावरचा (खूप दूरच्या वस्तूंवरचा) फोकस गेला, म्हणून हिवाळ्यात, सवडीने. तोवर दर रविवारी प्रत्येक लेन्सची फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत दोनदा आणि अपर्चर चारदा फिरवायचं. पाच मिनिटं लागतात आणि उजेडही लागतो काचांना.

सकाळी बाबांनी क्र. ६ बाहेर नेण्यासाठी मागितली, कव्हरासकट. दिली. जाण्याआधी रिकामं कव्हर काट्यावर ठेवलं: १०८ ग्रॅम.

"आता हे काय?"

"काही नाही बाबा, परत आल्यावर पुन्हा द्या."

संध्याकाळी ११२.